तीनच मापं

वसतिगृहाच्या खोलीत चार खाटा. तीन खाटांखाली चाकांच्या बॅगा. चौथीखाली हिरवी पत्र्याची पेटी. तिची कडी वाकडी आहे, पण लागते.

*

एकदा एक वादक पेट्यांच्या दुकानात आला होता. वाद्याला बसेल अशी लांबट, एका टोकाला निमुळती पेटी त्याला हवी होती. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आमच्याकडे तीनच मापं. मोठी, मधली, धाकटी. तिन्ही पक्की." वादक वाद्य काखेत मारून चालता झाला. घरात पुढे कितीतरी दिवस त्याच्या चालण्याची नक्कल चालली होती.

*

वहिनीच्या उजव्या कोपराला हिरवा रंग लागलेला असतो. लग्नाच्या फोटोत तो नाही. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत आहे.

*

सकाळी पुलावरून कारखान्याच्या करड्या कोटांची रांग जाते. गच्चीवरून, लांबून बघितलं तर त्यातलं कोण कुणाच्या घरचं ते कळत नाही. काय बघायचं असतं त्यात, असं आत्या विचारते. तेच बघायचं असतं.

*

आधी झाकण अंगठ्यानं दाबलं. मग तळव्यानं. मग दोन्ही हातांनी, उभं राहून. शेवटी प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "राहू दे. पत्र्यावर राग काढून काय होणार?"

*

तर गुरुवारी कडी नापास झाली, आणि रविवारी दुपारची जेवणं उरकल्यावर बाबांनी सगळ्यांना खाली कामाच्या खोलीत बोलावलं.

घरातली खलबतं नेहमी याच खोलीत होत, कारण इथे ज्याची त्याची जागा ठरलेली होती. खिडकीजवळ कापायचं टेबल, ते काकांचं. मधोमध ऐरण, ती बाबांची. पत्र्याच्या कडा दुमडायचं काम त्यांच्याकडे. भिंतीलगत दादाचा ओटा, तिथे तो सकाळपासून रिवेटा ठोकायचा. दाराशी वहिनीचे रंगाचे डबे, म्हणजे वास बाहेर जावा. तो कधी गेला नाही, ती गोष्ट वेगळी. पुढच्या दुकानात चढायची पायरी आत्याची. गिऱ्हाईक आलं की अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ती तिथूनच बोलायची. आणि कोपऱ्यातलं बुटकं स्टूल आईचं. आई पेटीची कडी आणि कोयंडा करायची. ती वारली तेव्हा स्टूल मुलीकडे आलं, आणि स्टुलाबरोबर नावही. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. घरात, गल्लीत, दुकानात ती कडीच.

एकाला एकच काम, ही पणजोबांची शिस्त. कापणाऱ्यानं दुमडायचं नाही, दुमडणाऱ्यानं रंगात बोट घालायचं नाही. ज्याला सगळं येतं तो एक दिवस सगळं घेऊन चालू लागतो, असं त्यांचं म्हणणं. शिस्त लागू पडली होती. गावातून जो कुणी बाहेर पडला तो पेटीवाल्यांची पेटी घेऊन पडला, आणि पेटीवाल्यांच्या घरातून कुणीच बाहेर पडलं नाही.

आता मात्र पेट्या पडून होत्या. दुकानात छतापर्यंत थर लागले होते. लोक चाकांच्या बॅगा घेत, आणि खरं तर त्याही कमीच, कारण आता लांब जायची गरजच उरली नव्हती. नदीपलीकडे बसगाड्या बांधायचा कारखाना उभा राहिला होता. त्याच्या शेजारी वायरींचा, त्याला लागून शीतगृह. कारखान्यांना माणसं हवी होती, पण शिकलेली. म्हणून प्रशिक्षण केंद्र निघालं होतं. सहा महिने तिथेच राहायचं, जेवणखाण त्यांचं, शेवटी हातात दाखला आणि बहुतेक नोकरी. घरटी एकच जागा. प्रवेशाला एकच चाचणी. पत्र्याचा एक तुकडा देणार, त्यातून झाकणाचा छोटा डबा करायचा. कुणाच्या मदतीशिवाय.

"पेटीवाल्यांची पोर," गल्लीतला न्हावी म्हणाला होता, "डोळे झाकून पास होशील."

डोळे उघडे ठेवूनच नापास झाली. तिनं झाकण डब्याएवढंच कापलं. वरून ठेवलं तर बशीसारखं वरच राहिलं, दाबलं तर खाली उतरेना. एवढी वर्षं शेकडो झाकणांना तिनं कड्या लावल्या होत्या. पण झाकण तिच्यापर्यंत यायचं ते तयार होऊन. मधे कुठेतरी, कुणाच्यातरी हाताखाली ते मोठं होतं, एवढंच तिच्या मनात होतं. कुणाच्या, ते विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

"उद्या परत बोलावलंय," बाबा म्हणाले. "ही शेवटची खेप. तेव्हा आज आपण तिला शिकवायचं. सगळं."

"आपण म्हणजे कोण?" काकांनी विचारलं. ते टेबलावरचा कीस एका बोटानं गोळा करत होते.

"तू, मी. आपण सगळे."

"आणि ती गेली की कड्या कोण करणार? तू?"

"भाऊ, कड्या लागतात किती हल्ली? महिन्यातनं चार पेट्या जातात."

"चार जातात त्यांना तरी लागतात ना? की उघड्या द्यायच्या? वर दोरी बांधून?"

दादा फिसकन हसला आणि लगेच खाली बघायला लागला.

वहिनी इतका वेळ ब्रश पुसत बसली होती. कोरडा ब्रश, तरी पुसत होती. "मी एक बोलू?" ती म्हणाली, आणि कुणी बोल म्हणायच्या आत बोलली. "घरटी एकच जागा आहे ना? मग ह्यांना का नाही पाठवत?"

"मला?" दादा म्हणाला.

"तुम्हालाच. दुसऱ्या कुणाशी लग्न झालंय माझं?"

"बघ, हे बोलली," काका खूश झाले. "ठोक्याचं काम मी ओढून घेईन. रिवेटा काय, संध्याकाळी बसून मारता येतील. घरातला पोरगा गेला, पगार आला, घर सावरलं. ह्यात वाद कशाला?"

"कडीनं चाचणी दिलीय, ह्यानं नाही," बाबा म्हणाले.

"दिलीय आणि पडलीय."

कडीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं.

"मोठ्यानं बोल," आत्या पायरीवरून म्हणाली. "पुटपुटायला इथे देव बसलाय का?"

"म्हटलं, मला जायचंय."

"मग? मलापण जायचं होतं. नाही गेले. मेले का?"

बाबांनी ऐरणीवरून हात फिरवला, जणू तिच्यावर धूळ होती.

कडीला वाटलं होतं, आत्या तरी आपल्या बाजूनं उभी राहील. आत्याच्या खाटेखाली एक पेटी होती, मधल्या मापाची, आत्याच्या तरुणपणी केलेली. तिच्यात काही नव्हतं. दिवाणखाना झाडताना केरसुणी तिच्यावर आपटायची आणि पोकळ आवाज यायचा. लहानपणी कडी मुद्दाम आपटायची. आत्या ओरडायची, पण पेटी हलवायची नाही.

"वहिनी," कडी म्हणाली, "पगार आणला तर मी काय नदीत टाकणार आहे का?"

"तसं नाही गं." वहिनीचा आवाज खाली आला. "तू आणलास तर तो ह्या घरात येईल. ह्यांनी आणला तर... मला एक खोली हवी आहे. एकच. जिथे उशीला टर्पेंटाइनचा वास येत नाही. मी काय वाईट मागते का?"

वाईट काहीच नव्हतं त्यात. त्यामुळेच कडीला तिच्यावर रागावता येईना. एका खोलीत दोघी बसल्या होत्या, दोघींना एकाच दारातून बाहेर पडायचं होतं, आणि दार एकालाच पुरणारं होतं.

तेवढ्यात दादा म्हणाला, "मी जाऊन आलो."

"कुठे?"

"केंद्रावर. मागच्या वर्षी. दोन खेपा. फाटकापर्यंत." त्यानं एक रिवेट उचलली आणि बोटांत फिरवत राहिला. "आतून यंत्रांचा आवाज येत होता. फाटकावरचा माणूस म्हणाला, या ना आत, घाबरताय काय. आणि माझे पाय जे तिथे रुतले ते रुतले. मग शेंगदाणे घेतले आणि परत आलो."

"ते शेंगदाणे!" वहिनी म्हणाली. "मला म्हणालात, फिरायला गेलो होतो."

"फिरलोच की. माघारी फिरलो."

या वेळी कुणी हसलं नाही, तोही नाही. "मला ठोकता येतं," तो म्हणाला. "भोक दाखवा, मी रिवेट मारतो. पण कोऱ्या पत्र्यापुढे मला उभं करू नका. मला रात्री स्वप्न पडतं तसलं."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत हा माणूस आपल्याला पुरता कळलाय असं धरून चालली होती बिचारी. मग ती उठली. रंगाचे डबे ओलांडून आली आणि कडीच्या स्टुलाजवळ भिंतीला टेकून जमिनीवर बसली. कोपर कडीच्या गुडघ्याला टेकवून ठेवलं.

काकांची बाजू एकदम हलकी झाली. त्यांनाही ते कळलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले.

"काका," कडी म्हणाली, "बाकी मी कसंही करीन. झाकण किती मोठं कापायचं, एवढंच सांगा."

"ते असं सांगून येत नाही. हातात असतं."

"मग हातानं दाखवा."

"हे बघ, मी सकाळपासून..."

"भाऊ," आत्या म्हणाली. "त्या वादकाला तू पेटी का दिली नाहीस?"

"कुठल्या?"

"लांब वाद्यवाला. आणि ती बाई, जिला पाळण्याएवढी उथळ पेटी हवी होती. आणि तो शाळेचा शिपाई. सगळ्यांना मी ह्या पायरीवरून परत पाठवलं. तू आतून ओरडायचास, तीनच मापं, आणि मी बाहेर तेच सांगायचे. अगदी मान ताठ करून."

"आपली मापं पक्की आहेत."

"पक्की आहेत हे मला माहीत आहे. तीनच का, ते विचारतेय."

ऐरणीवर कुठूनसं ऊन येऊन पडलं होतं. मग काका उठले, टेबलामागच्या खिळ्यावरून तारेत ओवलेले पत्र्याचे फर्मे काढले आणि टेबलावर टाकले. हाताळून काळे पडलेले, कडा बोथट झालेल्या. मोठीचे, मधलीचे, धाकटीचे. तळ, भिंती, झाकण.

"हे आहेत," ते म्हणाले. "आमच्या आजोबांच्या हातचे. पत्र्यावर ठेवायचे, खिळ्यानं आखायचं, रेघेवरून कात्री न्यायची. ह्याच्याबाहेर मला काही येत नाही. लोक म्हणतात मी कापतो. मी कापत नाही, मी गिरवतो."

एवढा थोरला माणूस, पण बोलून झाल्यावर शाळेत फळ्यापुढे उभा केल्यासारखा दिसत होता. कडीला वाटलं, आपण हे विचारायलाच नको होतं. आणि त्याच वेळी तिला इतकं मोकळंही वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली. एवढी वर्षं ज्या दाराला कुलूप आहे असं सगळे समजत होते, त्याच्या पलीकडे खोलीच नव्हती.

"पण मग हिशेब कोण धरतो?" बाबा हळूच म्हणाले. "डब्याच्या तोंडाची कड मी दुमडतो, तिथे पत्रा दुहेरी होतो. झाकण त्याच्यावरून उतरलं पाहिजे. मला वाटायचं, ते तू धरतोस."

"मला वाटायचं, दुमडताना तू जुळवून घेतोस."

"आणि मला वाटायचं," दादा म्हणाला, "रिवेट मारली की बसतंच."

आधी वहिनी हसली. मग आत्या, मग बाबा, आणि शेवटी काका, नको नको म्हणत, खोकला आल्यासारखे. फर्म्यांवर हात ठेवून हसत होते.

*

पुढचं दृश्य त्या खोलीनं आधी कधी पाहिलं नव्हतं.

कापायच्या टेबलाशी कडी. तिच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला बाबा. एका मोडीत काढलेल्या पेटीचा पत्रा, त्यावर वहिनीचा जुना हिरवा रंग. काकांनी झाकणाचा फर्मा तळाच्या फर्म्यावर ठेवला आणि दोन्ही उजेडात धरले. एवढ्या वर्षांत त्यांनी ते एकमेकांवर ठेवून कधी बघितले नव्हते. चारी बाजूंनी झाकण जरासं बाहेर डोकावत होतं.

"नखाएवढं," काका म्हणाले.

"कुणाच्या नखाएवढं? आत्याच्या का माझ्या?" दादानं विचारलं.

"तू ठोक्या गप."

"हे मधलीचं झालं. छोट्या डब्याला एवढं लागेल का?" कडीनं विचारलं.

"का नाही लागणार? दुमड तीच, पत्रा तोच," बाबा म्हणाले, आणि मग स्वतःशीच पुटपुटले, "म्हणजे माप बदललं तरी हे बदलत नाही. अरेच्चा."

"मग वादकाची पेटी झाली असती," आत्या म्हणाली.

"झाली असती," काका म्हणाले.

कडीनं डबा केला, पण पहिलं झाकण त्यावर अडकलं. कात्री रेघेच्या आतून गेली होती. "बाहेरून जा," काका म्हणाले. "भीती वाटली की कात्री आत वळते." दुसरं डोक्यावर थोरल्या भावाची टोपी घातल्यासारखं खुळखुळलं. "आता फार निर्भय झालीस," बाबा म्हणाले. कडीच्या अंगठ्याला पत्रा लागला. वहिनीनं चिंधी बांधली, चिंधीलाही रंग होता. मधेच आत्यानं चहा आणला आणि तो सगळ्यांनी उभ्याउभ्या प्यायला, कारण कुणाला आपापल्या जागी जाऊन बसायचं सुचलं नाही.

आणि तिसरं. कडीनं आखलं, कापलं, ऐरणीवर लाकडी हातोड्यानं कडा वळवल्या. बाबांचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा त्यांनीच तो मागे घेतला. कोपऱ्यांना तिनं रिवेटा मारल्या. दादा ओठ चावत बघत होता, पण बोलला नाही. मग तिनं झाकण डब्यावर ठेवलं आणि सोडून दिलं. दाबलं नाही.

ते आपल्या वजनानं खाली उतरलं. सावकाश. आतली हवा बाजूंनी निघाली, झोपलेलं माणूस कुशीवर वळताना सोडतं तसा एक बारीक सुस्कारा, आणि झाकण बसलं.

कडीला वाटलं होतं, असं झालं तर आपण नाचू. ती नुसती बघत राहिली. एक आख्खी वस्तू. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रिवेटीपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हाताखालून न गेलेली. किती दिवस, किती वर्षं ती पुलावरची रांग बघत होती, आणि कोट हवा आहे असं समजत होती. कोट नव्हता हवा. हे हवं होतं.

"परत उघड," आत्या म्हणाली. "परत लाव. ऐकू दे."

तिनं उघडलं, लावलं.

*

"झालं ना?" काका म्हणाले. "आता उठ त्या स्टुलावरून."

"मी उभीच आहे, काका."

"मग बाजूला हो." ते आईच्या स्टुलावर बसले. गुडघे छातीशी आले. "उद्या तू जाशील. परवा गिऱ्हाईक येईल. कडी कशी करतात ते सांग."

"तुम्हाला?"

"नाहीतर काय मांजराला?"

तिनं सांगितलं. पट्टी कुठे तापवायची, कुठे वाकवायची, डोळा केवढा ठेवायचा. इथे फर्मा नव्हता. आई सगळं बोटांनी मोजायची, आणि तिनंही तेच उचललं होतं. काकांची बोटं जाड होती. पट्टी एकीकडे वळली, मग दुसरीकडे, मग भलतीकडेच. त्यांनी ती उजेडात धरली. कडीनं ती नीट करायला हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," काका म्हणाले. "माझी पहिली आहे."

आत्या केव्हा वर गेली होती कुणी पाहिलं नाही. जिन्यावरून काहीतरी आपटत, ओरखडत येतंय असा आवाज आला आणि दादा धावला. दोघांनी मिळून पेटी खाली आणली. मधली, हिरवी, धुळीनं राखाडी झालेली. पुढच्या बाजूला कोयंडा होता. झाकणावर कडीच्या जागी दोन भोकं होती, रिकामी.

"हिला कडी का नाही लावली?" वहिनीनं विचारलं.

"आमच्या बाबांनी लावू दिली नाही. म्हणाले, जायचं ठरलं की लावू." आत्यानं पदरानं झाकण पुसलं. "कुठे जायचं होतं ते आता आठवतसुद्धा नाही."

तिनं रिकाम्या भोकांवरून अंगठा फिरवला.

"आठवतं," आत्या म्हणाली. "चांगलं आठवतं. ठोक्या, मार त्या भोकांत रिवेटा."

दादानं काकांची वाकडी कडी घेतली, भोकांवर धरली आणि ठोकली. त्याला दोन घाव पुरले. वहिनी रंगाचा डबा उघडायला लागली. आत्यानं हातानंच नको म्हटलं.

कडी मधोमध उभी होती. काका आईच्या स्टुलावर. बाबा कापायच्या टेबलाशी, फर्मे पुन्हा एकमेकांवर ठेवून बघत. वहिनी ऐरणीला टेकलेली. आत्याच्या पायरीवर कुणीच नाही. एवढी वर्षं तिला या खोलीतून निघायचं होतं, आणि आता निघायची वेळ आली तेव्हा ही खोली तिला पहिल्यांदाच अशी दिसत होती, की जिथे थोडं थांबावंसं वाटेल.

"बघतेस काय?" आत्या म्हणाली. "लाव कडी. लागते का बघ."

लागली. जरा जोर लावावा लागला.

"केंद्र लांब थोडंच आहे," बाबा फर्म्यांकडे बघतच म्हणाले. "गच्चीवरून दिसतं."

"दिसतं," कडी म्हणाली.

*

पणजोबा या गावात एकटेच आले होते, आणि त्यांनी पहिली पेटी कापण्यापासून रंगापर्यंत एकट्यानं केली होती.